आधी मोजायचं की आधी अडवायचं?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणाला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर ते आहे, याबद्दल आता कुणाचंच दुमत नाही. मतभेद आहेत ते पुढे काय करायचं यावर. एक बाजू म्हणते, किती आहे, कुठून येतं आणि कोणत्या जातीचं आहे हे नीट मोजल्याशिवाय केलेला उपाय आंधळा ठरतो. दुसरी म्हणते, नाल्याचं तोंड डोळ्यांसमोर उघडं असताना मोजत बसणं हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. खालच्या संवादात पहिली बाजू मांडते समुद्रविज्ञानात संशोधन करणारी भाची, आणि दुसरी वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, खाडीबाहेर डोल जाळं लावणारा तिचा मामा. दोघंही काल्पनिक आहेत, पण त्यांचं भांडण खरं आहे.

मामा : ये बाय. यंदा पण बाटल्या भरायला आलीस?

भाची : हो मामा. पावसाच्या आधीचे नमुने घ्यायचेत. नाल्याच्या तोंडाशी, खाडीत आणि बाहेर समुद्रात. पाऊस संपला की पुन्हा त्याच जागी.

मामा : आणि गेल्या वर्षी नेलेल्या पाण्याचं काय झालं?

भाची : तपासणी झाली. अहवाल लिहिणं चालू आहे.

मामा : तुझा अहवाल चालू, इकडे नाला पण चालू. याच गावातल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या लोकांनी जुहू, वर्सोवा, अक्सा, दादर असे चार किनारे मोजून २०१३ साली आकडे छापले होते ना? काय निघालं होतं?

भाची : चौरस मीटरमागे सरासरी ६८ च्या वर तुकडे. त्यातले ४१ टक्क्यांहून जास्त एक ते पाच मिलिमीटरचे.

मामा : झालं तर. दहा-बारा वर्षांपूर्वीच कळलंय. आता ६८ चे ७० झाले की ९०, हे कळून कुठल्या नाल्याला बूच बसणार आहे?

भाची : बूच मोजणीने बसत नाही, मान्य. पण बसवलेलं बूच गळतंय की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. त्याच वर्षाअखेर पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. दुकानदार म्हणतो बंदी फसली, मंत्री म्हणतात यशस्वी झाली. खरं कोण बोलतंय, हे सांगायला किनाऱ्यावरची सलग नोंद लागते.

मामा : मग एवढे अभ्यास होतात, त्यांचं काय?

भाची : ते एकमेकांशी जुळत नाहीत. एक जण वाळू चाळतो, दुसरा पाणी गाळतो, तिसरा माशाचं पोट तपासतो. एकाचा आकडा चौरस मीटरला, दुसऱ्याचा घनमीटरला, तिसऱ्याचा किलोला. पाण्यातच बघ. होडीमागून ओढायचं जे मँटा नावाचं जाळं असतं, त्याची भोकं साधारण मिलिमीटरच्या एक तृतीयांश. कपड्याचा धागा त्यातून आरपार जातो. तेच पाणी बाटलीत भरून बारीक गाळणीतून काढलं, तर कण कितीतरी पटींनी जास्त निघतात. रव्याच्या चाळणीने मैदा मोजला, तर मैदा शून्यच भरणार. म्हणून कोणत्या जाळ्याने, कुठल्या भरतीला आणि कोणत्या महिन्यात मोजलं, हे ठरलेलं असावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक पद्धत दिली आहे.

मामा : आणि बाटलीतलं पाणी नेऊन तुम्ही करता काय? दुर्बिणीतून बघून हे प्लॅस्टिक, हे शेवाळ, असं सांगता?

भाची : नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला तर फसायला होतं. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून शेवाळ, जवळ्याचे तुकडे, असलं सगळं जैविक विरघळवायचं. मग दाट मिठाच्या पाण्यात टाकायचं. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन, दोरीचं पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतं, वाळू खाली बसते. पण पाण्याच्या बाटलीचं पेट जड असतं, ते मिठाच्या पाण्यातही बुडतं. त्यासाठी झिंक क्लोराइडचं आणखी जड द्रावण लागतं. वर आलेलं गाळायचं, आणि एकेका कणावर इन्फ्रारेड किरण सोडून तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं.

मामा : आणि तुझ्या ओढणीचा धागा उडून त्यात पडला तर?

भाची : पडतो ना. म्हणून प्रयोगशाळेत सुती कोट घालतो, आणि नमुन्याशेजारी एक रिकामी ओली बशी उघडी ठेवतो. तिच्यात हवेतून जेवढे धागे पडतील तेवढे शेवटच्या आकड्यातून वजा करायचे. ज्या अहवालात या रिकाम्या बशीचा उल्लेख नसेल, त्यावर मीही विश्वास ठेवत नाही.

मामा : बरं, आता माझी प्रयोगशाळा बघ. काल ओहोटी लागल्यावर डोल ओढला. खोला, म्हणजे जाळ्याचं शेपूट, सोडला, तर वरचा थर वेफरच्या पाकिटांचा आणि गुटख्याच्या पुड्यांचा. त्याखाली बोंबील, मांदेली, जवळा, आणि जवळ्यात मिसळलेले हे बघ, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. नखाएवढे. जवळ्यातून एकेक वेचायला माझी बायको आणि सून अर्धी सकाळ बसतात. त्याची मजुरी कुणाच्या अहवालात लिहिली आहे? डिझेल जाळून मी समुद्रातून मुंबईचा कचरा आणतो, आणि वर लोक विचारतात, कोळ्यांनो, समुद्र का घाण केलात?

भाची : हा कोपरा आज मायक्रोप्लॅस्टिक नाही, पाच मिलिमीटरपेक्षा मोठा आहे. पण वाळूवर पडला की उन्हाने कडक होतो, लाटांनी वाळूवर घासला जातो, आणि त्याचे शेकडो तुकडे होतात. मग ते वेचायला तुझी सून काय, कुठलं यंत्रही पुरणार नाही.

मामा : म्हणजे तूच माझं म्हणणं मांडलंस. मोठा आहे तोवर उचला, त्याला विज्ञान लागत नाही. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवायची घोषणा सरकारने २०१९ ला केली होती. आज दुधाच्या केंद्रावर पिशवी देऊन ५० पैसे परत मागणारा एक तरी माणूस दाखव.

भाची : उचलण्याला माझा विरोध कधीच नव्हता. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये याच किनाऱ्यावर सफाई सुरू केली, आणि मार्च २०१८ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

मामा : दिसली. पण प्रत्येक उधाणाला समुद्र पुन्हा आणून टाकत होता, हेही आम्ही बघितलं. मरीन ड्राइव्हवर दर पावसाळ्यात तेच. किनारा झाडून भागत नाही. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर, या नद्यांची आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांची तोंडं अडवा. पालिकेने काही ठिकाणी तरंगते अडसर लावलेत. ते वाढवा, आणि मुख्य म्हणजे अडकलेला कचरा रोज काढा. जोराचा पाऊस आला की सगळं अडसरावरून आणि खालून निसटतं.

भाची : अडसराने तरंगणारं अडतं. पण कपडे धुतल्यावर निघणारे पॉलिएस्टरचे धागे, गाड्यांच्या टायरची झीज, हे पाण्यात मिसळूनच येतं. त्याला अडसर दिसतसुद्धा नाही. ते अडायचं तर सांडपाण्यावर प्रक्रिया व्हायला हवी. मुंबईत सात नव्या केंद्रांचं काम चालू आहे, त्यातलं एक वर्सोव्यालाच. सगळी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरची क्षमता.

मामा : ती केंद्रं तर मैल्यासाठी हवीतच. तू एकही धागा मोजला नसतास तरी ती बांधावीच लागली असती. बघ, ज्या उपायाने खरा फरक पडणार आहे, त्याला तुझ्या मोजणीची गरजच पडली नाही.

भाची : इथपर्यंत तुझं बरोबर. पण पुढे बघ. चांगल्या केंद्रात सांडपाण्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त कण अडतात, आणि अडून गाळात बसतात. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला, तर पहिल्या पावसात कण पुन्हा नदीत. समुद्रात कमी झाले म्हणून आपण पेढे वाटायचे आणि ते नुसते जागा बदलून बसायचे. गाळात किती आहे हे मोजल्याशिवाय त्याचं काय करायचं, ते ठरवणार कसं?

मामा : हं. हे पटलं.

भाची : आता तुला न आवडणारं बोलते. जेट्टीवर ही दोरी बघ. हात फिरव. हिरवे तंतू हाताला लागतात ना? हेच पाण्यात जातात. फाटलेलं नायलॉन, फुटलेले थर्माकोलचे खोके, हेही आपलंच आहे.

मामा : बोललीस एकदाची! आजोबा सुताचं आणि सणाचं जाळं विणायचे. दर थोड्या दिवसांनी ते वाळवायचं, रंगवायचं, नाहीतर कुजायचं. नायलॉन आलं तेव्हा सरकारनेच प्रचार केला, अनुदान दिलं. आता जुनं जाळं परत घ्यायला कुणी येत नाही. विकत देताना सगळे होते. आणि जाळं मोठं असतं, फोटोत दिसतं, म्हणून पेपरात जाळ्याचाच फोटो. तुमच्या घरच्या मशीनमधून निघणाऱ्या धाग्याचा फोटो कोण काढतो?

भाची : मी काढते! म्हणून तर म्हणते, मोजणी कोळ्यांच्या बाजूने उभी राहू शकते. कणाची जात ओळखली की बोट योग्य जागी जातं. पॉलिएस्टरच्या धाग्यांचा ढीग निघाला तर तो कपड्यांचा. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलिनचे तंतू जास्त निघाले तर जाळ्या-दोऱ्यांकडे बघावं लागेल, आणि तेही मान्य करावं लागेल. मोजलं नाही, तर ज्याचा फोटो छापून येतो तोच गुन्हेगार ठरतो.

मामा : आणि मोजलं की मासळीचा भाव पडतो! जरा कुठे "माशांच्या पोटात प्लॅस्टिक" असं छापून आलं की गिऱ्हाईक पापलेटला हात लावायला घाबरतं. मग मावश्या टोपली घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहतात.

भाची : याला अर्धवट छापणं कारणीभूत आहे. मोठ्या माशात कण बहुतेक करून पोटात, आतड्यात असतात, आणि ते आपण साफ करून टाकतो. जवळा, सुके लहान मासे, तिसऱ्या, कालवं हे आपण पोटासकट खातो. तिथे काळजी जास्त हवी. माणसावर परिणाम काय, याचं उत्तर अजून पक्कं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला थर तपासला, तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्णांत पॉलिथिन सापडलं, आणि त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका जास्त दिसला. पण प्लॅस्टिकमुळेच तो वाढला, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि हे कण हवेतून, पिण्याच्या पाण्यातूनही अंगात जातात. एकट्या मासळीवर बिल फाडण्यात अर्थ नाही.

मामा : हे असं सरळ मराठीत बाजारात येऊन सांग की! इंग्रजी मासिकात छापून आमचा काय उपयोग?

भाची : सांगते. पण तूही एक ऐक. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली होती, आठवतं?

मामा : विसरेन कसा? तेल पसरलं, कंटेनर पाण्यात पडले, मासेमारी बंद झाली.

भाची : आता कंटेनरमधून प्लॅस्टिकचे कच्चे गोळेही येतात. मसुराच्या दाण्याएवढे. जन्मतःच मायक्रोप्लॅस्टिक. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जळून बुडालं आणि सुमारे १,६८० टन गोळे समुद्रात गेले. मे २०२५ मध्ये केरळसमोर एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हा तेच गोळे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर आले. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पर्लच्या मालकांना एक अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. उद्या आपल्यासमोर असं झालं, तर कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारेल, "हे गोळे आधीपासून इथे नव्हते कशावरून?" त्या दिवशी तुझ्या बाजूने कोण उभं राहणार? आज भरलेली ही बाटली.

मामा : वकिलाच्या तोंडावर मारायला बाटली चांगली आहे. पण त्यासाठी ती जपून तरी ठेवता का? का प्रबंध झाला की ओतून दिली?

भाची : नेमकं बोललास. २००४ मध्ये प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन यांनी "मायक्रोप्लॅस्टिक" हा शब्द जगभर नेला. त्यांनी नवं पाणी तर तपासलंच, शिवाय जहाजांमागून ओढलेल्या यंत्राने १९६० च्या दशकापासून गोळा केलेले प्लवकांचे जुने नमुनेही उघडले. ते प्लवकांसाठी जपले होते, त्यात प्लॅस्टिक वाढत गेलेलं दिसलं. आपल्याकडे नमुने जपण्यासाठी वेगळा पैसा सहसा मिळत नाही.

मामा : वाढलं हे कळायला मोजणी कामाला आली. कमी झालं, असं मोजणीने कधी दाखवलंय?

भाची : दाखवलंय. उत्तर समुद्रात फुलमार नावाचा पक्षी पाण्यावरचं सगळं टिपून खातो. मरून किनाऱ्याला लागलेल्या फुलमारांची पोटं तिथले लोक १९८० च्या दशकापासून तपासतात. कारखान्यातल्या कच्च्या गोळ्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत तिथे बरंच खाली आलं. शिवाय त्यांनी उद्दिष्ट ठरवलंय. ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लॅस्टिक असलेले पक्षी १० टक्क्यांच्या वर असता कामा नयेत. मोजणीला असं टोक असलं की ती टोचते.

मामा : आता कसं बोललीस! आपल्याकडे ते टोक कुठे आहे? नाल्याच्या तोंडाशी अमुक इतकंच चालेल, त्याच्या वर गेलं तर अमुक साहेब जबाबदार, असं कुठे लिहिलंय? तोवर तुझी मोजणी म्हणजे नुसती नोंद.

भाची : हे मान्य. आणि तुझा डोल रोज त्याच जागी उभा असतो, त्यातून रोज भरती-ओहोटीचं पाणी जातं. मी वर्षातून दोनदा येते, तू रोज असतोस. खोल्यातला कचरा रोज वजन करून वहीत लिहिलास, उधाणाची मोठी भरती की भांगाची लहान, तेही लिहिलंस, तर ती नोंद माझ्या बाटलीपेक्षा जास्त बोलेल.

मामा : लिहीन, फुकट मात्र नाही. केरळात नीण्डकराला २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक बंदरावर आणून देतात, आणि ते दळून रस्त्याच्या डांबरात घालतात. इथे मी आणलं तर ठेवायला जेट्टीवर पिंपसुद्धा नाही. आणखी ऐक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आमचे हात रिकामे असतात आणि नाला तेव्हाच सगळ्यांत जास्त ओकतो. त्या दोन महिन्यांत नाल्याच्या तोंडाशी जाळं लावायचं काम कोळीवाड्याला मजुरीवर द्या. वाहत्या पाण्यात जाळं कसं उभं करायचं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

भाची : चांगली कल्पना आहे. फक्त जाळं लावायच्या आधी आणि नंतर मला मोजू दे.

मामा : मोज. पण रुपयातले नव्वद पैसे नाल्यावर, दहा पैसे तुझ्या बाटलीवर. याहून एक पैसा जास्त नाही.

भाची : दहाही कुणी आजवर सलग दिलेले नाहीत. दिले तर मी भांडणार नाही.

या भांडणात कौल द्यायचाच, तर तो मामाच्या बाजूने जास्त पडतो. कोणत्या नाल्यातून काय येतं हे जिथे डोळ्यांनी दिसतं, तिथे अभ्यास चालू आहे या सबबीवर काम थांबवणं गैर आहे. पिशवीवरची अनामत, अडकलेला कचरा रोज उचलणं, जुनी जाळी परत घेण्याची सोय आणि सांडपाणी केंद्रं या चार गोष्टींना नव्या आकडेवारीची वाट पाहायची गरज नाही. धागे, टायरची झीज आणि गाळ हे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. तिथे भाचीची बाटलीच खरी वाट दाखवते, आणि केलेला उपाय लागू पडला की नाही हेही तीच सांगू शकते.

म्हणून किनारी जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि ग्रामपंचायतीकडे दोन मागण्या एकत्र कराव्यात. एक, आपल्या नाल्याचं तोंड येत्या पावसाळ्याआधी अडवा. दोन, त्या तोंडाशी पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी त्याच पद्धतीने मोजणी करून आकडा मराठीत फलकावर लावा आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा. पहिली मागणी मान्य करून दुसरी टाळली, तर केलेला खर्च वाया गेला की सार्थकी लागला हे कधीच कळणार नाही. नुसती दुसरी मान्य झाली, तर पुढच्या वर्षीच्या फलकावर आणखी मोठा आकडा येईल, एवढंच.